डेलानोच्या द्राक्षमळ्यांतील आवाज परळमध्ये कसे ऐकवावेत?

प्रश्न : परळचा वाचक

आमच्या परळच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अभ्यासमंडळ भरते. निवृत्त गिरणी कामगार, त्यांच्या घरातील माणसे आणि अलीकडे काही महाविद्यालयीन विद्यार्थी असे पंचवीस-तीस जण येतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेल्या शेतकऱ्यांना पाणी आणि बिस्किटे देण्यासाठी आमच्यातील काही जण शीव येथे रात्री उभे होते. त्या आठवणी निघाल्या की कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या १९६६ सालच्या पदयात्रेचा विषय कोणीतरी हमखास काढतो. या वेळी त्या चळवळीवर व्याख्यान ठेवण्याऐवजी तिची मूळ ध्वनिमुद्रणेच ऐकवावीत, असे आम्ही ठरवले आहे. भाषण छापील स्वरूपात वाचता येते. पण वक्ता कोठे थांबला, लोक केव्हा हसले, घोषणा व्यासपीठावरून आली की गर्दीच्या मागच्या टोकाकडून, हे कागदावर उमटत नाही. आयुष्यभर द्वारसभांत उभ्या राहिलेल्या मंडळींना हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या अडचणी अशा. ही ध्वनिमुद्रणे कोणत्या संस्थांकडे आहेत आणि त्यांतील किती मुंबईत बसून ऐकता येतात, याचा मला नीट अंदाज नाही. श्रोत्यांना स्पॅनिश अजिबात येत नाही आणि अनेकांना इंग्रजीही ऐकून समजत नाही. अशा वेळी नुसता आवाज ऐकवण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. आणखी एक गोष्ट भीतभीतच विचारतो. वाचनालयाच्या लोखंडी कपाटात १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातील सभांच्या चाळीसेक कॅसेट पडून आहेत. त्या तिकडच्या मंडळींनी आपल्या फिती कशा जपल्या, यातून आम्हाला काही शिकता येईल का?

उत्तर : दादरची अभ्यासक

तुमचा बेत फार आवडला. आधी थोडी पार्श्वभूमी देते, कारण ध्वनिमुद्रणे कोणाकडे गेली हे कळण्यासाठी ती लागेल.

अमेरिकेत १९३५ साली संघटना बांधण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क कामगारांना देणारा कायदा झाला, तेव्हा शेतमजुरांना त्यातून वगळण्यात आले. त्यातच १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून ठरावीक मुदतीच्या करारावर मजूर आणले जात होते. या योजनेत सुमारे ४६ लाख करार झाले. मजुरांची संख्या मात्र त्याहून कमी होती, कारण अनेक जण पुन्हा पुन्हा येत. स्थानिक मजुरांनी काम थांबवले की बाहेरून माणसे आणणे मळेवाल्यांना सोपे होते. ती योजना बंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९६५ रोजी, कॅलिफोर्नियातील डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांच्या संघटनेने लॅरी इटलिऑंग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सेसार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या मजुरांच्या संघटनेने १६ सप्टेंबरला चर्चच्या सभागृहात सभा घेऊन त्यांना साथ देण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. तुम्ही म्हणता ती पदयात्रा १७ मार्च १९६६ रोजी डेलानोहून निघाली आणि १० एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, सॅक्रामेंटोच्या विधानभवनापाशी पोचली. पुढे ग्वादालुपेच्या मातेचे, म्हणजे मेक्सिकोतील मेरीमातेचे निशाण, मागे गात चालणारे लोक, असे तिचे रूप होते. चावेझ तिला मोर्चा न म्हणता यात्राच म्हणत. आपल्या श्रोत्यांना हे समजावताना वारीची उपमा सहज पुरेल.

डेलानोच्या मळेवाल्यांशी करार व्हायला २९ जुलै १९७० उजाडले. मधल्या काळात लढ्याचा जोर मळ्यांबरोबरच शहरांतील दुकानांसमोरही होता. द्राक्षे विकत घेऊ नका, असे न्यूयॉर्क-शिकागोच्या गृहिणींना सांगण्यासाठी मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे त्या थंड शहरांत जाऊन राहिली.

आता संग्रहांविषयी. संघटनेचे मुख्य दप्तर कॅलिफोर्नियात नाही. ते हजारो किलोमीटर दूर असलेल्या डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात, वॉल्टर रॉयथर यांच्या नावाच्या ग्रंथालयात आहे. याचे कारण कामगार चळवळीतच सापडते. मोटार कामगारांचे नेते रॉयथर डिसेंबर १९६५ मध्ये स्वतः डेलानोला आले होते आणि त्यांच्या संघटनेने या संपाला पैसा पुरवला होता. त्या ग्रंथालयात पत्रव्यवहार आणि छायाचित्रांबरोबर फितीही आहेत, आणि माझ्या मते सर्वांत मोलाच्या आहेत त्या संघटनेच्या कार्यकारिणीच्या बैठकांच्या. जाहीर सभेत माणूस इतिहासासाठी बोलतो; बंद दाराआड तो हिशेबावर वाद घालतो, सहकाऱ्यावर संशय घेतो, चिडतो, क्वचित हार मानतो. १९७० नंतरच्या दशकात संघटना आतून कशी ताणली गेली, याविषयी नंतर जे गंभीर लेखन झाले त्याला या फितींचा मोठा आधार होता. आपले भांडणही जसेच्या तसे मुद्रित करून परक्या शहरातील ग्रंथपालाच्या स्वाधीन करणारी संघटना विरळाच. आपल्याकडील कोणत्या संघटनेने असे केले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही.

मुंबईत बसून ऐकण्यासाठी मात्र दुसरी जागा सोयीची आहे. चावेझ यांचे एक जुने सहकारी लिरॉय चॅटफिल्ड यांनी चळवळीत काम केलेल्या स्वयंसेवकांच्या आठवणी, मुलाखती, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे गोळा करून जो प्रकल्प उभा केला, तो आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील ग्रंथालयाने सांभाळला आहे आणि कोणालाही खुला आहे. ब्रासेरो मजुरांच्या शेकडो मुलाखतीही अशाच खुल्या आहेत. त्या बहुतांशी स्पॅनिशमध्ये आहेत आणि बोलणारे वृद्ध असल्यामुळे संथ बोलतात. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाने १९७६ ते १९८२ दरम्यान मेक्सिकन-अमेरिकन समाजावर प्रसारित झालेल्या दोनशेहून अधिक नभोवाणी कार्यक्रमांचे अंकीकरण (डिजिटायझेशन) केले आहे. येल विद्यापीठात जॅक लेव्ही यांनी चावेझ यांच्याशी केलेल्या दीर्घ संभाषणांच्या फिती आहेत, पण त्यासाठी तेथे जावे लागते किंवा पत्रव्यवहार करावा लागतो.

एक इशारा देऊन ठेवते, नाहीतर ऐनवेळी फजिती होईल. अमेरिकन सार्वजनिक नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचा जो मोठा संग्रह बॉस्टनची जीबीएच (पूर्वीची डब्ल्यूजीबीएच) ही प्रसारणसंस्था आणि अमेरिकी काँग्रेसचे ग्रंथालय मिळून चालवतात, त्यात या विषयावर बरेच काही आहे. परंतु त्याचे आंतरजालावरील वाचनकक्ष अमेरिकेच्या हद्दीतच उघडते. येथून सूची वाचता येते आणि पुढे दार बंद दिसते. त्या भरवशावर कार्यक्रम आखू नका.

उत्तर : अंधेरीचा भाषांतरकार

मी स्पॅनिश शिकवतो, म्हणून भाषेपुरते लिहितो. न समजणारा आवाज ऐकवण्यात अर्थ आहे का, या तुमच्या सभासदांच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘आहे, पण त्याच्या आधी काय सांगता यावर तो अवलंबून आहे’ असे आहे.

ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वी श्रोत्यांना चार-पाच शब्द द्यावेत. संपाला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे त्याच्या आरंभीचा ‘ह’ उच्चारला जात नाही. ऐकू येते ते ‘उएल्गा’. मळ्याच्या कडेला रस्त्यावर उभे राहून आत काम करणाऱ्यांना हाच एक शब्द ओरडून ओरडून सांगितला जाई, कारण मळेवाल्याच्या जमिनीवर पाऊल टाकले की अटक ठरलेली. म्हणून त्या मुद्रणांतील हाक दूरवर जाईल अशी, शेवटचा स्वर लांबवलेली असते. बांधावरून पलीकडच्या शिवारात हाक मारलेली ज्याने ऐकली आहे, त्याला तिचा सूर लगेच ओळखू येईल. संप फोडणारा तो ‘एस्किरोल’, शेतमजूर ‘कांपेसिनो’ आणि चळवळीसाठी ‘ला काउसा’, म्हणजे आपले कार्य. ‘सी से प्वेदे’ ही घोषणा मात्र १९६६ च्या मुद्रणात शोधू नका. ती १९७२ साली ॲरिझोनातील लढ्याच्या वेळी डोलोरेस ह्युएर्टा यांच्या तोंडून आली. तिचे मराठी मी ‘होय, जमतंय!’ असे करीन. ‘होय, हे शक्य आहे’ हे व्याकरणदृष्ट्या बरोबर असले, तरी त्या वाक्याने कोणी मूठ वळणार नाही.

चावेझ यांची भाषणे ऐकताना तुमच्या मंडळींना एक आश्चर्य वाटेल. हा माणूस गर्जत नाही. आवाज मऊ आहे, शेजाऱ्याशी ओट्यावर बोलावे तसे ते बोलतात, आणि एकाच सभेत स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि परत असे जातात. इंग्रजी भाग बहुधा पत्रकार आणि पाठीराखे यांच्यासाठी असतो आणि त्यात अहिंसा, गांधीजी, न्याय असे शब्द येतात. स्पॅनिश भागात तालुक्यांची नावे, मुकादमांच्या खोड्या आणि घरगुती विनोद अधिक. दोन्हींचे भाषांतर एकाच प्रमाण मराठीत केले तर हा भेद पुसला जाईल. मी असतो तर स्पॅनिश भाग बोली वळणाच्या मराठीत आणि इंग्रजी भाग प्रमाण मराठीत ठेवला असता.

भाषांतरात अडकण्याची आणखी एक जागा सांगतो. जुन्या मजुरांच्या मुलाखतींत ‘एल कोर्तितो’ हा शब्द वारंवार येतो. तो आखूड दांड्याच्या अवजारासाठी आहे, आणि ते हातात घेऊन मजुराला दिवसभर कमरेत वाकून विरळणी व खुरपणी करावी लागे. आपण त्याला ‘खुरपे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उकिडवी बसलेली बाई येते, आणि मुलाखत देणारा ज्या पाठदुखीविषयी बोलत असतो ती नाहीशी होते. ‘आखूड दांड्याची कुदळ’ असेच म्हणावे आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात तिच्या वापरावर बंदी आली, हे एका वाक्यात सांगावे.

आता पथनाट्यांची मुद्रणे. लुईस वाल्देझ यांनी संपाच्या पहिल्याच वर्षी ‘एल तेआत्रो कांपेसिनो’ हे मजुरांचे नाट्यपथक उभे केले. मालवाहू गाडीचा मागचा फळा हाच त्यांचा रंगमंच. त्या पथकाचे दप्तर सांता बार्बराच्या विद्यापीठात आहे. लाल बावटा कलापथकाच्या आठवणी असलेल्या परळमध्ये ते परके वाटण्याचे कारण नाही. मालकाचे सोंग काढून त्याच्याच तोंडून त्याचा लोभ वदवून घेणे ही युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. पण नुसत्या आवाजावर विसंबून चालणार नाही. या नाट्यांत नट गळ्यात पाट्या अडकवीत. एकावर ‘संपकरी’, दुसऱ्यावर ‘संपफोड्या’, तिसऱ्यावर ‘मालक’. विनोद पुष्कळदा त्या पाट्यांच्या अदलाबदलीत असे. फितीवर मग मध्येच प्रचंड हशा ऐकू येतो आणि तो कशामुळे पिकला हे कळतच नाही. असा तुकडा ऐकवण्याआधी तुम्हीच दोन मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवून उभे करा.

उत्तर : फीतदुरुस्ती

वरच्या दोन्ही उत्तरांत शिकण्यासारखे खूप आहे, पण मला तुमच्या लोखंडी कपाटाची काळजी वाटते. त्यामुळे डेलानो बाजूला ठेवून चाळीस कॅसेटविषयी लिहितो.

सर्वांत आधी, कुतूहलापोटी एखादी कॅसेट उचलून घरच्या जुन्या यंत्रात घालू नका. मुंबईच्या चार पावसाळ्यांत जे होते ते चाळीस पावसाळ्यांत किती झाले असेल, याची कल्पना करा. फितीच्या कडेला पांढरट किंवा राखाडी पूड दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून बाकीच्यांपासून दूर ठेवावी, कारण एकदा यंत्राच्या मुखावर, म्हणजे फितीवरील आवाज वाचणाऱ्या भागावर, बुरशी बसली की पुढची प्रत्येक फीत तीच घेऊन जाते. कॅसेटमधील दाबपट्टीचा स्पंज गळून पडलेला असतो, दोन्ही टोकांची चिकटपट्टी सुटलेली असते. हे दोष किरकोळ आहेत आणि फीत नव्या कवचात बसवली की दूर होतात. १२० मिनिटांच्या कॅसेट असतील तर त्या शेवटी ठेवा. त्यांची फीत फार पातळ असते आणि पहिल्या चुकीलाच ती यंत्रात गुंडाळली जाते.

अमेरिकेतील १९६० च्या दशकातील मुद्रणे मुख्यतः उघड्या चकत्यांवरच्या पाव इंची फितींवर आहेत आणि त्यांची दुखणी वेगळी. ॲसिटेटची फीत जुनी झाली की तिला शिरक्यासारखा वास येऊ लागतो, ती आकसते आणि ठिसूळ होते. त्यानंतरच्या काही फितींत लोहकण धरून ठेवणारा थर हवेतील दमटपणा शोषून चिकट बनतो. अशी फीत वाजवताना ओरडते आणि थांबते. तिला सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास एकसारखी ऊब देऊन, लगेच मुद्रित करून घ्यावे लागते. स्वयंपाकघरातील भट्टीत हा प्रयोग करणारा एक गृहस्थ मला माहीत आहे. त्याची फीत वाचली नाही आणि भट्टीही. तुमच्या कॅसेटना या उपायाची गरज बहुधा पडणार नाही, म्हणून तो वाचून सोडून द्या.

अंकीकरणासाठी चांगल्या अवस्थेतील, दुरुस्त केलेले कॅसेट डेक हवे. लॅमिंग्टन रोडवर शोधले तर अजून मिळते. यूएसबीची तार लावलेली जी स्वस्त प्लास्टिकची खेळणी विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक फितीपूर्वी मुख आणि दाबचाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मुखाचा कल त्या विशिष्ट फितीशी जुळवून घ्यावा. हे न केल्यामुळे आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा दबका येतो आणि लोक दोष बिचाऱ्या वक्त्याला देतात. ध्वनिसंग्रहांचा आंतरराष्ट्रीय दंडक २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झचा आहे, ९६ असेल तर उत्तम. एका ध्वनिमार्गाचे ९६ वर केलेले तासाभराचे मुद्रण साधारण एक गिगाबाइट जागा घेते. चाळीस कॅसेटना लागणारी जागा आज खिशात मावते. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, खरखर न काढता, जशीच्या तशी ठेवावी आणि साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर करावी. दोन प्रती वाचनालयात ठेवून ‘दोन प्रती आहेत’ असे म्हणू नये. एक परळमध्ये असेल तर दुसरी कल्याण-डोंबिवलीकडे कोणाच्या तरी घरी असावी.

आणि मूळ कॅसेट अंकीकरणानंतर टाकून देऊ नका. उद्या आपल्यापेक्षा चांगले यंत्र आणि चांगला कान कोणाकडे तरी असेल.

उत्तर : कळव्याहून

माझा थोडा वेगळा सूर आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कार्यक्रमात चावेझ यांचीच भाषणे एकामागून एक ऐकवली, तर संप एका माणसाने केला असे चित्र उभे राहील. संप सुरू करणारे फिलिपिनो मजूर होते, हे वर दादरच्या ताईंनी लिहिलेच आहे. पण त्यांचे आवाज संग्रहांत तुलनेने थोडे आहेत. त्यांच्यातील बहुतेक जण १९२० आणि १९३० च्या दशकांत आलेले, एकटे राहिलेले पुरुष होते. गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना मनाई होती. ज्यांना मुलेबाळेच नव्हती, त्यांच्या आठवणी विचारायला घरात कोण असणार? इटलिऑंग यांनी १९७१ साली संघटना सोडली. दुसरे फिलिपिनो नेते फिलिप व्हेरा क्रूझ यांनी पुढे, चावेझ हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीतील फिलिपाइन्सला जाऊन आले त्या सुमारास, म्हणजे १९७७ साली, पद सोडले. व्हेरा क्रूझ यांच्या आठवणी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांतील थोडा भाग तरी घ्यावा.

तसेच १९७४ साली कागदपत्रांविना आलेल्या मजुरांना सरकारकडे पकडून देण्याची मोहीम याच संघटनेने चालवली होती. त्या मजुरांना मळेवाले संप फोडण्यासाठी वापरत होते, हे खरे. तरीही ती मोहीम आज ऐकताना अस्वस्थ करते. परप्रांतीयांविषयीचे मुंबईतील वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्या श्रोत्यांना हा भाग न सांगणे मला बरोबर वाटत नाही.

फितीवर जे लोक बोलत आहेत त्यांच्याविषयीही विचार व्हावा. १९८२ च्या एखाद्या सभेत मागून ओरडून फितुराचे नाव घेणारा कामगार आणि ज्याचे नाव घेतले तो, या दोघांचीही मुले आज त्याच चाळीत राहत असतील. जाहीर सभेतील नेत्याचे भाषण ऐकवणे वेगळे आणि अशी फीत आंतरजालावर चढवणे वेगळे. डेट्रॉइटसारख्या ग्रंथालयात संशोधकाला समोर बसवून फीत ऐकू देतात, त्यामागे तंत्राच्या अडचणीखेरीज हेही एक कारण असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : परळचा वाचक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी आम्ही पाच जण बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. कार्यक्रम दीड तासाचा असेल आणि त्यात प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक नसेल. बाकीचा वेळ शब्द, पाट्या आणि बोलण्यासाठी ठेवला आहे. सुरुवात चावेझ यांच्यापासून न करता सॅन डिएगोच्या संग्रहातील एका स्वयंसेविकेच्या मुलाखतीने करू, त्यानंतर ब्रासेरो मजुराच्या आठवणीचा तुकडा आणि मग सभा. व्हेरा क्रूझ यांच्या आठवणींतील दोन पाने मराठी करून मंडळातील एक विद्यार्थिनी वाचून दाखवणार आहे. १९७४ च्या मोहिमेविषयी बोलण्याची जबाबदारी मी घेतली आहे, कारण दुसरे कोणी घ्यायला तयार झाले नाही.

‘सी से प्वेदे’च्या मराठीवर मात्र एकमत झाले नाही. ‘होय, जमतंय!’ विद्यार्थ्यांना आवडले. ज्या ज्येष्ठ सभासदांनी मूळ प्रश्न विचारला होता, त्यांचे म्हणणे असे की दीड वर्ष संप केलेला माणूस ‘जमतंय’ म्हणत नाही, तो ‘जमवू’ म्हणतो.

कपाट आज सकाळी उघडले. कॅसेट मोजल्या तर त्या त्रेचाळीस निघाल्या. सहांवर पांढरी पूड आहे, त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. अकरांवर तारीख नाही, पण एकीच्या खोक्यात एका द्वारसभेचे पत्रक घडी घालून ठेवलेले सापडले. फीतदुरुस्ती यांना विचारायचे आहे की ते पत्रक कॅसेटसोबतच ठेवावे, की कागदासाठी वेगळी पिशवी करावी?

उत्तर : फीतदुरुस्ती

वेगळ्या पिशवीत ठेवा, पण पिशवीवर आणि कॅसेटवर एकच क्रमांक पेन्सिलीने लिहा. आणि घडी उलगडण्यापूर्वी ते कोणत्या कॅसेटच्या खोक्यात होते त्याचे छायाचित्र काढून ठेवा. त्या फितीची तारीख बहुधा तोच कागद सांगेल.